रिक्त : एकेचाळीस भांड्यांचे प्रदर्शन

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी 'पोकळी' या विषयाचा माझ्याइतका अधिकारी अभ्यासक सापडणार नाही, हे मी आरंभीच नम्रपणे नमूद करतो. यात आत्मस्तुती नाही. या विषयाकडे दुसरे कोणी फिरकलेलेच नाही. बत्तीस वर्षे मी महाविद्यालयात सौंदर्यशास्त्र शिकवले. रोज अकरा ते बारा मी साठ चेहऱ्यांकडे पाहत असे. पोकळीचा इतका दीर्घ आणि प्रत्यक्ष अनुभव फार थोड्या संशोधकांच्या वाट्याला येतो!

निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाने मला कलादालनाचा मानद संचालक नेमले. दालन माडीवर आहे, कारण तळमजल्यावर काय राहील आणि काय वाहून जाईल हे महाडात सावित्री नदी ठरवते. तिथे मी तीन प्रदर्शने भरवली. 'रेषेचे मौन' पाहायला चार माणसे आली. पैकी दोघे एसटी चुकल्याने पंख्याखाली बसायला आले होते. 'अमूर्ताच्या सीमा'ला एकच रसिक लाभला. तो बराच वेळ भिंतीकडे एकटक पाहत होता. मी भारावून जवळ गेलो, तेव्हा कळले की तो विजेचा मीटर शोधत होता. तिसऱ्या प्रदर्शनाविषयी काय सांगू? त्या आठवड्यात मीही आजारी होतो.

वाचनालयाचे अध्यक्ष येसाजीराव उतेकर यांनी मला बोलावून घेतले. या गृहस्थांची उमेदीची वर्षे मुंबईत मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात गेली. त्यामुळे कोणतीही जागा दिसली की तिथे खुर्च्या किती बसतील, एवढा एकच विचार त्यांच्या मनात येतो.

"सर, तुमचा काम एकदम हाय क्लास," ते म्हणाले. "पन पब्लिक कुठाय?"

"कला गर्दीसाठी नसते, येसाजीराव."

"मग हॉल कशाला हवाय? घरीच करा की!"

मी थंडपणे चष्मा काढून पुसला. माझा संताप नेहमी थंड असतो. गरम संतापाला आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढला की वाक्यरचना बिघडते.

"त्या गाऊनच्या सेलवाल्यानं दोनदा विचारलान हॉलसाठी," ते पुढे म्हणाले. "आता एकच चान्स. गावोगावची मानसं भाग घेतील असा कायतरी करा. पब्लिक खूश झाला तर दालन तुमचा. नाय झाला, तर एक तारखेपासून गाऊन!"

गाऊन! ज्या भिंतींना मी रेषेचे मौन शिकवले, त्यांच्यासमोर फुलाफुलांचे, फुगीर बाह्यांचे गाऊन हँगरवर डोलणार! दालन वाचवायचे तर लोकसहभाग हवा, हे उघड होते. ठीक. मी त्यांना असा लोकसहभाग दाखवणार होतो की पाहत राहावे.

कल्पना निर्दोष होती. भांड्याचे सौंदर्य त्याच्या धातूत नसते, आतल्या पोकळीत असते. घराघरांतून एकेक जुने भांडे मागवायचे, पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवायचे, वरून एकच दिवा सोडायचा. प्रदर्शनाचे नाव : 'रिक्त'. मी निवेदन लिहून काढले. "आपल्या घरातील एक जुने, रिकामे भांडे दहा दिवसांसाठी द्यावे." 'रिकामे' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या.

ग्रंथपाल धम्मपालने निवेदन वाचले. धम्मपाल बिरवाडीचा, वय पन्नास, स्वभाव शांत. त्याच्यात एकच दोष आहे. तो बहुधा बरोबर असतो.

"सर, 'रिकामे' तेवढं काढा."

"का? तोच तर गाभा आहे."

"रिकामं भांडं कोणी देत नाही, सर. आमची आई तर नाहीच देणार."

"धम्मपाल, तू पुस्तकांना नंबर घाल. पोकळीचे मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी सव गावच्या गाडीतून बयाबाई उतरल्या. वय पंच्याहत्तर, चाल शिपायाची, आणि नाते अत्यंत गैरसोयीचे : येसाजीरावांची थोरली आत्या. हमालाच्या डोक्यावर तांब्याचा हंडा, आणि हंड्यात गळ्यापर्यंत तांदूळ.

"बाई, हंडा रिकामा हवा होता," मी म्हणालो.

"रिकामा?" त्यांनी माझ्याकडे, डॉक्टर रुग्णाकडे पाहतो तसे पाहिले. "घरातनं भांडा रिकामा कोन देतो, सर? मानूस काय म्हनंल?"

"पण मला आतली पोकळी दाखवायची आहे."

"मग तुमी रिकामा करा नि दाखवा. मी भरून दिला. माझा काम झाला."

मी त्यांना अवकाश आणि आकार यांच्या परस्परसंबंधाविषयी थोडक्यात, म्हणजे पंचवीस मिनिटे, सांगितले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि धम्मपालला विचारले, "ह्यांच्या घरी कोन कोन असतं रं?"

"कोणी नाही, मावशी. सर एकटेच. खानावळीत जेवतात."

"हां," बयाबाई म्हणाल्या, आणि त्या एका अक्षरात माझ्या संपूर्ण सौंदर्यदृष्टीचा निकाल लागला.

तीन दिवसांत एकेचाळीस भांडी आली. एकेचाळीसही भरलेली! कळशीत नाचणी, तपेलीत कुळीथ, घंगाळात फणसाच्या आठळ्या, बरणीत आमसुले. पोलादपूरच्या डोंगरातून एक भलीमोठी चरवी आली. तिच्यात काठोकाठ सुकट होती. तिचा वास माझ्या आधी दालनात येई आणि माझ्या नंतर जाई. दोन मांजरांनी जिन्यावर कायमचा मुक्काम ठोकला. रसिकांची तेवढी निष्ठा मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

मी सगळी भांडी रिकामी करवली आणि आतला ऐवज मुलींच्या वसतिगृहात पाठवून दिला. मुलींनी आभाराचे पत्र धाडले. कलादालनाला आलेले ते पहिले पत्र.

"सर, परत देताना काय करायचं?" धम्मपालने विचारले.

"काय करायचे? परत द्यायची."

तो पुस्तकांना नंबर घालायला निघून गेला. तो असा निघून गेला की मी अस्वस्थ व्हायला हवे, हे मला आता कळते.

उद्घाटनाला माणसांचा लोंढा लोटला! जिना भरला, सज्जा भरला. प्रत्येकजण आपापले भांडे शोधत होता. मीटर शोधणाऱ्या रसिकाची आठवण माझ्या मनातून पुसली गेली. मी हात मागे बांधून, माफक विनयाने, कोपऱ्यात उभा राहिलो.

बयाबाईंनी आपला हंडा गाठला. चष्मा लावून त्यांनी खालची पाटी मोठ्याने वाचली. पाटीचा मजकूर माझाच होता. "हंडा. तांबे. बयाबाई, मुक्काम सव. आशय : रिक्त."

"रिक्त म्हंजे काय रं, धम्मपाल?"

"रिकामं, मावशी."

दालनात शांतता पसरली. मला ती कलास्वादाची वाटली.

"म्हंजे माझ्या घरात दाना नाय, असा बोर्ड लावलात तुमी?" बयाबाई कडाडल्या. "वर माझा नाव? वर गावाचा नाव? आनि वर लाईट सोडलात?"

"बाई, हे तत्त्वज्ञान आहे!"

"येशाच्या पोरीचा, अक्षदाचा, साखरपुडा पंधरा दिवसांवर आलाय. पोलादपूरची पाव्हनी ह्याच बाजारात येनार. वर चढून बघतील, तर काय म्हनतील? आत्याचा हंडा रिकामा! काय इज्जत राहिली माझी?"

एव्हाना बाकीच्या चाळीस घरांनीही आपापल्या पाट्या वाचल्या होत्या. एकेचाळीस कुटुंबांना मी नाव-गावासकट, उत्तम प्रकाशयोजनेत, उपाशी ठरवले होते!

बयाबाई तडक बाजारात गेल्या, तांदूळ आणले आणि हंड्यात ओतले. ते पाहून शेजारच्या कळशीत कोणी मूग टाकले. धम्मपालच्या आईने, सुंदराबाईंनी, आपल्या तपेलीत हरभरे भरले आणि शेजारच्या मुगांकडे एक ओझरती, दयार्द्र नजर टाकली. मग मुगांच्या मालकिणीने मुगांवर काजू पेरले. दुपारपर्यंत 'रिक्त' हे प्रदर्शन किराणा दुकानासारखे दिसू लागले.

मी माघार घेणारा नव्हे. रोज सकाळी मी भांडी रिकामी करी. रोज दुपारी ती भरलेली असत. वसतिगृहातून दुसरे पत्र आले : मुलींची वजने वाढत आहेत, जरा बेताने. शेवटी मी ठळक अक्षरांत सूचना लावली, "भांड्यात काहीही टाकू नये." दुसऱ्या दिवशी आमसुलांच्या बरणीत ताजे लोणचे होते, आणि तिच्या तोंडाला फडक्याऐवजी माझी सूचना घट्ट बांधलेली होती!

दहाव्या दिवशी येसाजीराव वर आले.

"पब्लिक आला," मी थंडपणे म्हणालो.

"आला ना! माझ्या नावानं बोंबलत आला. आत्या माझ्याशी बोलंना झालेय! सर, संपला विषय. सोमवारी ज्याची त्याला भांडी पोचवा. मंगळवारी गाऊनवाला येतोय."

तर अशा रीतीने मी दालन गमावले. सोमवारी मी आणि धम्मपालने भांडी टेम्पोत चढवली. रिकामी. प्रदर्शन गेले, दालन गेले, निदान सिद्धान्त तरी शाबूत राहावा, असा माझा बाणा होता.

सवला बयाबाई अंगणात वाल पाखडत होत्या. मी हंडा पुढे केला. त्यांनी आत डोकावून पाहिले.

"ह्यात काय नाय."

"नाही."

"मग आत नाय यायचा."

"बाई, हा तुमचाच हंडा आहे!"

"माझाच हाय, म्हनूनच सांगते. भरून गेला, भरून आला पायजे. रिकामा उंबरा ओलांडून माझ्या घरात नाय येनार. ठेवा तुमच्याकडं."

"किती दिवस?"

"तुमाला समज येईस्तवर."

मी घराघरात गेलो. सव, बिरवाडी, पोलादपूरच्या वाड्या. पाणी मिळाले, सरबत मिळाले, एके ठिकाणी घावनेही मिळाली. पण भांडे कोणी घेतले नाही. बिरवाडीत एका नव्या सुनेने अजाणतेपणी तांब्या घेतला. आम्ही नाक्यावर पोहोचलो नाही तोच तिचा सासरा मोटारसायकलवरून पाठलाग करीत आला आणि चालत्या टेम्पोत तांब्या ठेवून निघून गेला! शेवटी आम्ही धम्मपालच्या घरी थांबलो. सुंदराबाईंनी दारातूनच तपेलीकडे पाहिले आणि लेकाला सांगितले, "ती रिकामी हाय तवर तूही वाचनालयातच झोप."

संध्याकाळी एकेचाळीस भांडी पुन्हा दालनात आली. मंगळवारी गाऊनवाला सात गठ्ठे घेऊन हजर झाला. त्याने आत पाहिले. पाय ठेवायला जागा नव्हती.

"बाहेर काढून ठेवा हो ती!" येसाजीराव ओरडले आणि स्वतःच पुढे सरसावले.

"काढतो ना," धम्मपाल म्हणाला. "हा पहिला हंडा बयामावशींचा. कुठं ठेवू, रस्त्यावर?"

येसाजीरावांचे हात होते तिथेच थिजले. गाऊनवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि गठ्ठे तळमजल्यावर नेऊन ठेवले.

बुधवारी बयाबाईंचा निरोप आला : हंडा घरी येत नाही तोवर त्या कोणाच्याही कार्याला पाऊल टाकणार नाहीत. आता उतेकरांच्या घरात थोरल्या आत्याने ओटी भरल्याशिवाय मुलीच्या हाती साखरेचा पुडा देत नाहीत. साखरपुड्याला उरले चार दिवस. येसाजीरावांनी घरात आणून ठेवलेल्या पोत्यातली साखर हंड्यात शिगोशीग भरली, गाडी काढली आणि सव गाठले. तासाभरात ते साखरेसकट परत आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

"बोलली, हंडा नेला कुनी? सरांनी. मग भरून कोन आननार? तू कोन मधलाच!" त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "सर, आता तुमीच भरा. पाया पडतो. कायपन भरा!"

वाचकहो, माझ्या आयुष्यात सत्ता अशी एकदाच आली. मी खुर्चीत मागे टेकलो.

"येसाजीराव, मी रिक्ततेचा उपासक आहे. भरणे माझ्या तत्त्वात बसत नाही."

"सर!"

"तथापि, दालनाचे भवितव्य निश्चित झाले, तर तत्त्वाचा पुनर्विचार करता येईल."

"दालन तुमचा! घ्या!"

"लेखी."

धम्मपालने ठराव टंकित केला : पुढील पाच वर्षे दालनात कलाप्रदर्शनांव्यतिरिक्त काहीही भरवले जाणार नाही, विशेषतः गाऊन. 'विशेषतः'च्या आधी मी स्वल्पविराम घालून घेतला. येसाजीरावांनी सही केली. दालन वाचले! मी खिशात हात घालून बाजाराकडे निघालो, एकेचाळीस भांड्यांपुरते काहीतरी विकत घ्यायला.

"विकतचं नाही चालणार, सर," धम्मपाल मागून म्हणाला. "आपल्या घरातलं लागतं."

आम्ही माझ्या खोलीवर गेलो. स्वयंपाकघरात अर्धी पुडी चहा होती, आणि एक लिंबू, जे बहुधा आधीच्या भाडेकरूचे असावे. धम्मपालने फडताळे उघडली, बंद केली. मग वाकून पलंगाखाली पाहिले.

"हे काय आहे, सर?"

ते 'पोकळीची मीमांसा' होते. माझा ग्रंथ. पृष्ठे चारशे बारा, तळटीपा नऊशे. मी तो चौदा वर्षांपूर्वी स्वतः छापला. प्रती तीनशे; अकरा भेट दिल्या, बाकीच्यांवर मी झोपतो.

"यापेक्षा आपल्या घरातलं काय असणार?" धम्मपाल म्हणाला.

शनिवारी सकाळी मी बयाबाईंच्या अंगणात उभा राहिलो. खरे सांगतो, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेलाही मी इतका भ्यालो नव्हतो. त्यांनी हंड्यात हात घातला आणि पुस्तक बाहेर काढले.

"ह्या काय?"

"माझे पुस्तक आहे. मी लिहिलेले." मग माझ्या तोंडून आपसूक निघाले, "माझ्या घरात दुसरे काही नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुस्तकाकडे पाहिले. ते कपाळाला लावले आणि पुन्हा हंड्यात ठेवले.

"चालंल," त्या म्हणाल्या, आणि हंडा उचलून उंबऱ्याच्या आत नेला.

एकेचाळीसही घरांनी भांडी घेतली. धम्मपाल घरी झोपायला गेला. रविवारी अक्षदाचा साखरपुडा बयाबाईंच्या देखरेखीखाली असा पार पडला की पोलादपूरच्या पाहुण्यांना श्वास घ्यायलाही त्यांची परवानगी लागत होती. आणि माझे म्हणाल तर, जो ग्रंथ विद्यापीठांनी उघडला नाही तो दोन तालुक्यांत घरोघरी गेला होता! चुलीशेजारी, देव्हाऱ्याजवळ, बुद्धमूर्तीच्या बाजूला 'पोकळीची मीमांसा'! मी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेचे टिपण करायला घेतले.

साखरपुड्यानंतर आठवड्याने, सोमवारी सकाळी मी दालन उघडायला गेलो, तर जिन्यावर रांग होती. कळशी, तपेली, घंगाळ, चरवी...

"धम्मपाल, हे काय आहे?"

"सर, वाचनालयाच्या माडीवरनं आलेलं पुस्तक आहे. आठवड्यात परत करायचं असतं, हे इथल्या माणसांना शाळेपासून माहीत आहे." त्याने पहिली कळशी माझ्यापुढे सरकवली. "आणि पुस्तक नुसतं हातात कसं आणणार? भांड्यातनं आलेलं, भांड्यातनंच परत आलं. भांडं रिकामं कसं असणार? पुस्तकाखाली बघा."

मी पाहिले. पुस्तकाखाली पोहे. पुस्तकाखाली चवळी. डोंगरातल्या चरवीत पुस्तकाखाली पुन्हा सुकट! माझ्या नऊशे तळटीपांना तो वास आता जन्मभर पुरेल. मी प्रती उघडून पाहिल्या. कोऱ्या करकरीत. बोटाचा ठसासुद्धा नाही.

सर्वांत शेवटी बयाबाई आल्या. हंडा चौथऱ्यावर टेकवून त्यांनी वरचे पुस्तक काढले आणि माझ्या हातात दिले. त्यांच्या प्रतीत खुणेसाठी झाडूची काडी घातलेली होती.

मी त्या काडीवर बोट ठेवले. "वाचलेत तुम्ही?"

"अकरा पानं वाचली."

अकरा पाने! माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांनीही सहाव्या पानावरच वाचन थांबवून सही केली होती.

"आणि? काय वाटले?"

बयाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "वाटला, ह्या मानसाला कुनीतरी धड जेवाय घातला पायजे." मग हंड्याकडे बोट दाखवले. "खाली कडवे वाल हायेत. बिरडं करता येतं काय तुमाला?"

चौदा वर्षांत ग्रंथावर आलेला हा पहिला अभिप्राय. मी तो शांतपणे ऐकून घेतला. मग खुर्ची ओढून बसलो, दुसऱ्या आवृत्तीच्या टिपणाची वही उघडली, कोरे पान काढले आणि विचारले, "वाल किती तास भिजवायचे?"